जुन्या गाडीचा क्रँक सेन्सर: आखाजी ते मृग, चुका आणि खर्चासकट नोंदी

गाडी २००५ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पेट्रोल इंजेक्टर). वडिलांनी घेतलेली. २०२० मध्ये पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. विकायला काढली तर साठ हजारसुद्धा मुश्किलीने येतील, म्हणून प्रत्येक पार्टला हजार रुपये मोडणं परवडत नाही. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या काळातल्या बहुतेक एमपीएफआय गाड्यांना हीच पद्धत लागू पडते.

९ मे २०२४, गुरुवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ताईला आणि दोन्ही भाच्यांना आणायला अमळनेरहून धुळ्याला गेलो. सकाळी जाताना काहीच त्रास नव्हता. निघायला दीड वाजला. दाजी म्हणत होते, ऊन उतरू द्या, पण घरी घागर आणि डांगर आणायचं राहिलं होतं.

नवलनगरच्या अलीकडे चौथ्या गिअरमध्ये चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं. झटका नाही, मिसिंग नाही, बटण दाबून पंखा बंद करावा तसं. गाडी वेगात होती म्हणून कडेच्या निंबाखाली नेऊन लावता आली. सेल्फ जोरात फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. पुढे बसलेला मोठा भाचा म्हणाला, "मामा, गाडी पळत होती तरी तो काटा एकदम खाली पडला." तो आरपीएमच्या काट्याबद्दल सांगत होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती चूक पुढे ३,७०० रुपयांना पडली.

एक ट्रॅक्टरवाले भाऊ थांबले. पेट्रोल उकळतंय म्हणाले, पाइपावर ओलं फडकं टाका. मी पाण्याची अर्धी बाटली पाइपावर आणि आसपास ओतली. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. सगळ्यांची खात्री झाली की पेट्रोलचाच प्रॉब्लेम आहे. पुढे १२ किलोमीटरवर पुन्हा बंद. या वेळी पाणी प्यायलाच उरलं नव्हतं, ३५ मिनिटं थांबलो. धाकटा भाचा उन्हाने लालबुंद झाला होता. ताई एका शब्दाने काही बोलली नाही, पण घरी पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

११ मे

काल सण, काम नाही. आज गॅरेजला गेलो. मेकॅनिक गेली दहा वर्षं आमची गाडी बघतो, माणूस सरळ आहे. लक्षणं ऐकून त्याने फ्युएल पंप सांगितला. गरम झाला की बंद, थंड झाला की चालू, वरून पाणी टाकल्यावर सुरू, मलाही पटलं. पंप ३,२००, मजुरी ५००. दुपारचे चार तास गेले.

१२ मे, रविवार

भर दुपारी एकट्यानेच पारोळा रस्त्याला गाडी नेली. १४ किलोमीटरवर बंद.

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, मग कॉइल बदलून बघू, अठराशेला येईल. मी नको म्हटलं. "बदलून बघू" म्हणजे तपासणी नव्हे, आणि त्या बघण्याचे पैसे आपल्या खिशातून जातात. पंप फिट झाला की दुकानदार परत घेत नाही, हेही तेव्हा कळलं.

१३ मे

आमच्याकडे मतदान होतं. सकाळी मत देऊन शेजारच्या आप्पांकडे गेलो. आप्पा एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिकलला होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण मल्टिमीटर अजून उशाशी असतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, बंद पडली तेव्हा काटा कुठे होता? भाच्याचं सांगितलं. आप्पा अहिराणीत म्हणाले, "पोऱ्यानी सांगं ते तू ऐकं नही."

कारण असं: गाडी गिअरमध्ये पळते तेव्हा इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. पेट्रोल संपलं असतं तर काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर येतो, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतच नाही. ते कळवणारा तो क्रँक सेन्सर.

दुपारी एकला आप्पांना घेऊन गाडी तापवली आणि बंद पडू दिली. मग तपासलं ते या क्रमाने. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली, पंप ठीक. एक जादा प्लग वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि सेल्फ मारला, ठिणगी नाही. इंजेक्टरच्या कपलरला छोटा एलईडी लावला, तोही लुकलुकला नाही. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलं तर दोघांच्या मागचं एकच कारण शोधायचं.

आता पाण्याची परीक्षा. आप्पांनी ओलं फडकं फक्त पेट्रोलच्या पाइपावर ठेवलं. पाच मिनिटं काही नाही. मग तेच फडकं खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथल्या सेन्सरवर पिळलं. चौथ्या मिनिटाला गाडी सुरू. ९ तारखेला पाइपावर ओतलेलं पाणी ओघळून सेन्सरवर पडलं होतं, आणि आम्ही श्रेय पाइपाला दिलं.

१४ मे

मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर आणून लावला. कपलर १६ पिनचा, बसतो, पण गाडीशी बोलत नाही. इतक्या जुन्या गाड्यांची भाषा कंपनीकंपनीची वेगळी असते. सगळ्यांची भाषा एक करणारं ओबीडी-२ आपल्याकडे २०१३ पासून सक्तीचं झालं. आधीची गाडी असेल तर स्वस्तातला स्कॅनर विकत घेऊ नका, कुणाचा तरी आणून आधी लावून बघा. नव्या गाडीत या दोषाला पी०३३५ असा कोड येतो.

मग सेन्सर काढला. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की दिसतो. दहाच्या पान्याचा एकच बोल्ट, पण सेन्सर भोकात गंजून घट्ट बसलेला. इथे मी घाई केली. कपलरचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. एकोणीस उन्हाळे भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटलं. आधी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून पंधरा मिनिटं थांबायला हवं होतं.

सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर लोखंडाची बारीक मिशी उगवली होती. फडक्याने पुसली. एवढ्यानेच बरं होईल अशी आशा वाटली, तसं झालं नाही.

यानंतरचं मोजमाप सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या कामात हीच गोष्ट शिकण्यासारखी आहे. माझा सेन्सर कॉइलवाला आहे: दोन वायरी सिग्नलच्या, तिसरी शिल्डची, म्हणजे सिग्नलला बाहेरच्या गडबडीपासून जपणाऱ्या आवरणाची. आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, म्हणून तिचा रेझिस्टन्स मीटरवर मोजता येतो. तीन वायरीचा हॉल सेन्सर (आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असेल तर ओहमचं हे मोजमाप चालत नाही. वायरी तीन दिसल्या म्हणून लगेच हॉल समजू नका, वायरिंगचं चित्र बघा.

थंड सेन्सर ८७० ओहम. आप्पा म्हणाले, "तपाडीसन देख." ओट्यावर सेन्सर ठेवला, मीटरच्या तारा चिमट्यांनी पक्क्या लावल्या आणि ताईचा केस वाळवायचा ड्रायर वीतभर अंतरावर धरला. ८९०. ९२०. ९६०. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच, अंशाला साधारण ०.४ टक्के, इथपर्यंत सगळं रास्त. १,०१० ला आकडा थरथरला, ९९० झाला, पुन्हा १,०१०, आणि मग डाव्या कोपऱ्यात नुसता १ उरला. म्हणजे तार आतून तुटलेली. थंड असताना तिची टोकं टेकतात, तापली की सुटतात. ड्रायर बंद करून सगळे मीटरकडे बघत बसलो. अकराव्या मिनिटाला आकडा परत आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

गॅरेजमध्ये हा सेन्सर थंड अवस्थेत कुणी मोजला असता तर "ओके" म्हणून परत बसवला असता.

१५ मे

किमतीची चौकशी. कंपनीच्या अधिकृत काउंटरवर जुना पार्ट नंबर बंद झालाय, त्याच्या जागी नवा नंबर आहे, २,६४० रुपये, पैसे आधी भरायचे, माल दहा-बारा दिवसांनी. नंबर मात्र त्यांनी कागदावर लिहून दिला, त्याचा पुढे उपयोग झाला.

१६ मे

इथेच एका दुकानात "लोकल" सेन्सर ३८० ला मिळाला. डबीवर नाव नाही, महिना-साल नाही. दिसायला हुबेहूब. दुकानात पाटी लावलेली, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही. आप्पांनी घरून निघताना बजावलं होतं, "आधी मोज, मंग ले." काउंटरवर गर्दी होती, मीटर काढायला मला संकोच वाटला. तसाच घेऊन आलो.

घरी मोजला. थंडच २,३०० ओहम. व्हर्नियरने फ्लँजपासून (बोल्ट लागतो त्या पट्टीपासून) टोकापर्यंतची लांबी बघितली: जुना २४ मिमी, हा २२.४. सेन्सर फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचे, दाते मोजतो; हा त्या दात्यांपासून दीड मिलिमीटर जास्त लांब राहणार. ही फट मुळातच मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे दीड मिलिमीटर म्हणजे फार झालं. तरीही बसवला. बारा-पंधरा सेकंद सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, काटा नाचत होता, रेस दिली की मिसिंग. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारला तर ०.३ व्होल्ट. जुना सेन्सर थंड असताना ०.९ देतो.

फ्लँज कानशीने घासून सेन्सर खाली बसवायचा विचार मी बोलून दाखवला. आप्पांनी तो हातातून काढूनच घेतला. टोक दात्याला लागलं तर सेन्सर फुटतो, आणि दाता दुखावला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ३८० रुपये पाण्यात गेले ते गेले.

१८ मे

जुना सेन्सर रॉकेलने धुतला, ब्रशने घासला. अंगावर कसलेसे खड्डे दिसत होते, वाचता येत नव्हते. भाच्याच्या खडूची पूड त्यावर चोळून बोटाने पुसली तर आकडे पांढरे होऊन उठून आले. दोन नंबर निघाले: एक गाडीच्या कंपनीचा, दुसरा ज्या कंपनीने सेन्सर बनवला तिचा.

स्वस्तातली वाट इथून निघाली. गाडी बनवणारे सेन्सर सहसा स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, डेल्फी अशा कंपन्या बनवतात. तोच माल गाडीच्या कंपनीच्या डबीत गेला की महाग होतो, आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डबीत बाजारात येतो तेव्हा पुष्कळ स्वस्त पडतो. शिवाय तोच सेन्सर दुसऱ्या एखाद्या जास्त खपाच्या गाडीला लागत असेल तर दुकानात सहज मिळतो. "अमुक गाडीचा सेन्सर द्या" असं विचारलं की लोकल माल पुढे येतो. बनवणाऱ्याचा नंबर विचारा.

त्या नंबरावरून धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानात फोन केला. सेन्सर मागवून देतो, ७२० रुपये, चार-पाच दिवस. हो म्हटलं.

१९ मे

सखाराम महाराजांचा रथ. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरलेली. ताई आणि पोरं रथ ओढायला गर्दीत गेली. गाडीला हात लावला नाही.

२१ मे

काल धुळ्यात मतदान, बाजार बंद, त्यामुळे माल पुढे ढकलला गेला. ताईला रविवारी सासरी पोचवायचं ठरलंय. हाताशी काहीतरी असावं म्हणून सकाळच्या रेल्वेने जळगावला, अजिंठा चौफुलीजवळच्या भंगार बाजारात गेलो. सोबत मीटर, चिमट्याच्या तारा, व्हर्नियर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रिकामा थर्मास. ८७० चा आकडा आणि २४ मिमी तळहातावर लिहून नेले होते.

एका दुकानात माझ्याच मॉडेलची तीन इंजिनं पडलेली. मालकांना म्हटलं, दादा, मोजून घेईन, चालेल तर सांगा. ते म्हणाले, खुशाल मोजा. शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी थर्मासमध्ये घेतलं. सेन्सर पिशवीत घालून फक्त टोकाचा भाग पाण्यात बुडवायचा, पिना कोरड्या ठेवायच्या, आणि आकडा बघत पाच मिनिटं थांबायचं. पहिला सेन्सर थंडच मेलेला. दुसरा थंड ८८०, पाण्यात दोन मिनिटांत गेला, माझ्यासारखाच. तिसरा थंड ८६०, पाण्यात सावकाश १,०६० पर्यंत चढला आणि तिथेच टिकला. लांबी बरोबर. २५० रुपयांना घेतला. मालक शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. दुसरा सेन्सर त्यांनी स्वतःच हातोडीने फोडून कचऱ्यात टाकला, म्हणाले, हा आता कुणाला द्यायचा नाही. त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

तिथेच वायरीसकट कपलर १२० ला मिळाला.

२२ मे

कपलर जोडताना अर्धा दिवस वाया गेला. नव्या कपलरच्या दोन्ही सिग्नल वायरी काळ्या. कोणती कुठली याची खूण न करताच जुना कापून टाकला आणि अंदाजाने सोल्डरचा डाग दिला. गाडी सुरू होताना फाटकन आवाज, थरथर, मिसिंग, मग बंद. वाटलं भंगारातला सेन्सर गेला. काढून मोजला तर ठणठणीत. संध्याकाळी आप्पांनी वायरी उलट करून लावायला सांगितलं, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. कॉइलच्या सेन्सरला उलटसुलट असतं. तारा उलट लागल्या की सिग्नल उलटा होतो आणि दात्याची वेळ चुकते. कापण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, किंवा एका वायरीला दोरा बांधा. शिल्डची वायर जशी होती तशीच जोडली, सेन्सरकडच्या टोकाला अर्थिंग दिलं नाही.

डाग दिल्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. काळी टेप इंजिनाच्या उष्णतेत चिघळते.

२४ मे

धुळ्याहून सेन्सर आला, एसटीने आलेल्या ओळखीच्या हाती. डबीवर एमआरपी, महिना-साल, नंबर सगळं आहे, आणि अंगावर कोरलेला नंबर डबीशी जुळतो. थंड ८७५, ड्रायरखाली १,०७० पर्यंत जाऊन स्थिर. लांबी २४. २० रुपयांची ओरिंग (रबरी कडं) बदलली, तिला इंजिन ऑइलचं बोट लावून बसवला. सेल्फ मारताना १ व्होल्ट.

खर्च: पंप मजुरीसकट ३,७००, लोकल सेन्सर ३८०, भंगारातला २५०, कपलर १२०, नवा सेन्सर ७२०, ओरिंग २०. एकूण ५,१९०, प्रवास वेगळा. मोजून सुरुवात केली असती आणि कपलरचं लॉक जपलं असतं, तर ७४० त काम झालं असतं.

२६ मे, रविवार

मुद्दाम दुपारी एकला निघालो. ताई, दोन्ही भाचे, दाजींसाठी सांजोऱ्यांचा डबा, एसी चालू. मोठा भाचा पुढे बसून काट्यावर नजर ठेवून होता. नवलनगर आलं, ते निंबाचं झाड आलं, तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. धुळ्यात पोचल्यावर इंजिन वीस मिनिटं एका जागी चालू ठेवून बघितलं. परत एकटा आलो, कुठे बंद पडली नाही.

९ जून

मृगाचा पाऊस झाला. दोन आठवड्यांत ६०० किलोमीटर झाले, त्यात जळगावच्या दोन फेऱ्या भर उन्हात. सेन्सर काढून पुन्हा ड्रायरखाली मोजला, आकडे तेच.

भंगारातला सेन्सर दहाच्या पान्यासकट पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. जुना सेन्सर आप्पांना हवा होता. गॅरेजच्या मेकॅनिकला त्यांनी तो ओट्यावर बोलावून ड्रायरखाली दाखवला. जाताना मेकॅनिक जुना पंप परत देऊन गेला आणि चिमट्याच्या तारा कुठे मिळतात ते विचारून गेला. जुना पंप मी बाटलीत पेट्रोल घेऊन चालवून बघितला, चालतोय. कुणाला याच वर्षांच्या आसपासच्या गाडीसाठी लागत असेल तर घेऊन जावा.